एका पंक्चरची बखर

परवाच्या रविवारी आमच्या गच्चीवर जे काही चाललं होतं ते बघून शेजारच्या बिल्डिंगमधल्या आजींना राहवेना. दोनदा आत जाऊन आल्या, तिसऱ्यांदा कठड्याला टेकून विचारलंच, "काय हो, एवढं मोठं काय धुताय?" प्रश्न रास्त होता. गच्चीत दहा फूट लांबीची निळी फुगवलेली होडी, तिच्या अंगभर भांड्याच्या साबणाचा फेस, मी स्प्रेची बाटली घेऊन उभा, चिरंजीव पंपावर, आणि ऐंशीला टेकलेले आमचे अण्णा गुडघ्यांवर बसून त्या होडीवरून हळूहळू ओठ फिरवतायत. आजींना काय सांगणार? "पंक्चर शोधतोय," म्हणालो. "अगं बाई, एवढ्या मोठ्या गाडीचं?" म्हणाल्या आणि आत गेल्या.

तर मंडळी, ही त्या पंक्चरची गोष्ट. आमच्या घरातली जी मंडळी हे वाचतात त्यांनी वाचून झाल्यावर सौ.ला फोन करून 'काय गं, काय झालं होतं नक्की' असं विचारू नये ही नम्र विनंती. प्रकरण आत्ताच कुठे निवळलंय.

झालं असं. अमेरिकेतला भाचा गेल्या वर्षी येताना ही हवेची कयाक घेऊन आला आणि जाताना सामानाचं वजन जास्त होतंय म्हणून आमच्या वारज्याच्या घरी ठेवून गेला. घडी केली की पाठीवरच्या पिशवीत मावते, फुगवली की दोन माणसं बसतात. मुळशीच्या बाजूला एका ओळखीच्यांची शेतजमीन धरणाच्या फुगवट्याला लागून आहे. त्यांच्या परवानगीनं, अंगात लाइफ जॅकेट घालून, काठाकाठानं फिरायचं असं ठरलं होतं. दोन-तीन वेळा झकास झालं. चौथ्या वेळी चिरंजीव एकटेच जरा आत गेले आणि दीड-दोन तासांनी परत येताना मला काठावरून दिसलं की होडी डावीकडे कलतेय. तो वल्हं मारतोय, पण नाक सरळ राहात नाहीये. काठाला लागला तेव्हा डावी बाजू पिकलेल्या केळ्यासारखी मऊ झाली होती. उजवी बाजू आणि तळ टणक होते, कारण तिन्हीत हवा वेगवेगळी भरलेली असते. म्हणून तो आला. मुलगा हसत होता. मी हसलो नाही. सौ. तर घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलली नाही, आणि आल्यावर एवढंच म्हणाली की ही पिशवी पुन्हा घराबाहेर पडायची असेल तर आधी अण्णांना दाखवा.

अण्णांना का, ते सांगतो. अण्णांचं सायकलचं दुकान होतं. नारायण पेठेत आधी त्यांच्या चुलत्यांचं, आणि पुढे आम्ही वारज्याला राहायला आलो तेव्हा माळवाडीत त्यांचं स्वतःचं. तासावर सायकली भाड्यानं देणं आणि दुरुस्ती. सदतीस वर्षं या माणसानं रबराच्या नळीतून हवा कुठून जाते ते शोधण्यात घालवली. मी इंजिनिअरिंगला असताना फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात 'स्वतंत्र उद्योग' असं लिहायचो. आणि नोकरी लागल्यावर, १९९८ साली, "आता कोण भाड्यानं सायकल घेतंय अण्णा, बंद करा" असं म्हणणाराही मीच. त्यांनी बंद केलं. वाद घातला नाही. असो.

पण सौ.चं न ऐकता पहिले दोन दिवस मी स्वतःच शोध घेतला. (इंजिनिअर ना!) संध्याकाळी गच्चीवर होडी तीन पीएसआयला टणक फुगवली, रात्री बघितलं तर दोन. हवा जातेय! कान लावला, आवाज नाही. हात फिरवला, वारा नाही. सकाळी बघतो तर जवळपास तेवढीच. दुपारी तर चक्क पुन्हा तीनच्या आसपास! म्हणजे गेलेली हवा परत आली की काय?

हवा गेलीच नव्हती. ती गार झाली होती. उन्हात तापलेल्या होडीच्या आत ४५ अंश असतील आणि रात्री २५, तर आतली हवा आक्रसते. काट्यावर दिसतो तो आकडा बाहेरच्या हवेपेक्षा आत जास्त किती एवढाच असतो. म्हणून एकूण दाब शेकड्यात सहा-सातच कमी होऊनही काटा तीनवरून दोनवर येतो. हवेच्या या स्वभावाचा नियम ज्याच्या नावानं आपण शाळेत घोकला तो जाक शार्ल, आणि गंमत बघा, या शार्लसाहेबांनाही हवा कोंडून ठेवायच्याच भानगडीत पडायला लागलं होतं. १७८३ साली पॅरिसमध्ये त्यांनी हायड्रोजनचा फुगा सोडला. रेशमातून हायड्रोजन निसटतो, मग रोबेर बंधूंनी टर्पेंटाइनमध्ये रबर विरघळवून त्याचा लेप रेशमाला दिला. तो फुगा पॅरिसबाहेर गोनेस नावाच्या खेड्यात उतरला आणि गावकऱ्यांनी भूत समजून कोयते-काट्यांनी त्याची चाळण केली. म्हणजे रबरानं हवा अडवायची युक्ती जमली आणि लगेच पंक्चरही झालं.

तर माझी खरी गळती आणि खोटी गळती अशी सरमिसळ झाली. तेव्हा अण्णांना सांगितलं. त्यांना आता ऐकू फार कमी येतं आणि कानाचं मशीन ते कपाटात जपून ठेवतात. मी ओरडून सगळं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वॉलला थुंकी लावून बघितलीस का?"

नव्हती लावली.

जुन्या सायकलवाल्यांचा हा पहिला नियम. ट्यूब बाहेर काढायच्या आधी, टायर उचकटायच्याही आधी, वॉलच्या तोंडावर थुंकीचा थेंब. बुडबुडा आला तर पंक्चर नाहीच, वॉलट्यूब गेलीय, पाच पैशांचं काम. आमच्या होडीला वॉलट्यूब नाही, पडद्याचा व्हॉल्व्ह आहे. पण थेंबाखाली बुडबुडा आला. टोपण उघडून पडदा उचलला तर वाळूचा एक कण. बोटाच्या टोकावर धरला तर दिसेना. मुळशीच्या काठावरचा असणार. पुसला, पुन्हा थुंकी, बुडबुडा बंद. मी म्हटलं, "सापडलं!"

अण्णा म्हणाले, "एक सापडलं की थांबायचं नसतं. काटा एकीकडून शिरतो, दुसरीकडून निघतो."

आणि मग ते ओठांचं सुरू झालं. आवाज ऐकू येत नाही म्हणून नव्हे. दुकानात ट्रकच्या आवाजात कुणालाच काही ऐकू यायचं नाही. बारीक गळती हाताला कळत नाही कारण सायकलवाल्याच्या हाताची कातडी मेलेली असते. ओठ ओला केला की त्याला हवेचा धागा लगेच लागतो. काहीजण पापणीजवळ धरतात. पाण्याचं घमेलं शेवटी, जागा पक्की करायला. दहा फुटी होडी मावेल असं घमेलं कुठून आणणार, म्हणून साबणाचा फेस. जिथे हवा निघते तिथे फेसाला बारीक बारीक फुगे येऊन मुंगीची अंडी घातल्यासारखं दिसतं.

तेव्हा ओठ फिरवणाऱ्या अण्णांकडे बघताना मला एक चित्र आठवलं. असिरियाच्या राजाचा, दुसऱ्या अशुरनासिरपालचा निमरूदचा राजवाडा. इसवी सनापूर्वीच्या नवव्या शतकातला. त्याच्या भिंतीवरचे दगडी शिल्पपट आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. एका पटात माणसं नदीतून पोहतायत, पोटाखाली बकऱ्याच्या कातड्याची फुगवलेली पिशवी, आणि त्या पिशवीची नळी तोंडात! इतकी वर्षं मला वाटायचं की हे फुगवतानाचं चित्र आहे. पण नदीच्या मधोमध कोण फुगवत बसेल? चामड्यातून, शिवणीतून हवा निघतच राहाणार, म्हणून पोहता पोहता फुंकतच राहायचं. गळती बुजवायची नाही, भरून काढायची. जवळजवळ २९०० वर्षांपूर्वीचा मूर्तिकार हे बरोबर टिपून गेला, कारण त्यानं ते बघितलं असणार.

अलेक्झांडरनं दुसरीच तोड काढली. इसवी सनापूर्वी ३२९ मध्ये ऑक्सस नदी (आजची आमू दर्या) ओलांडताना त्याच्याकडे होड्या नव्हत्या आणि पुलाला लाकूड नव्हतं. तंबूची कातडी उतरवून त्यात सुका पालापाचोळा-भुसा ठासून भरला आणि पाणी शिरणार नाही अशी घट्ट शिवून घेतली. पाच दिवसांत सैन्य पार. हवाच भरायची नाही म्हणजे पंक्चरची भानगडच नको. मला हा माणूस एरवी फारसा आवडत नाही, पण इथे दाद द्यायला हवी.

आपल्याकडची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. १५३९ साली चौशाच्या लढाईत शेरखानानं पहाटे गाठल्यावर हुमायूननं गंगेत घोडा घातला, घोडा गेला आणि हुमायून वाचला तो निजाम नावाच्या भिश्त्याच्या मशकीवर. पुढे त्या भिश्त्याला थोड्या वेळासाठी तख्तावर बसवला वगैरे. सगळे इतिहासकार तख्ताचंच वर्णन करतात. मला मात्र आता असं वाटतं की ती मशक पाण्याची होती, म्हणून ती हवेची होऊ शकली. जी शिवण आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही ती हवाही बऱ्यापैकी धरते. भिश्ती रोजच्या रोज तिला ओली ठेवणार, चरबी चोळणार, उसवलं की शिवणार. आपल्या मोटेचंही तेच होतं. चामड्याची मोट वाळली की तडकायची, गळायला लागली की विहिरीतून अर्धी भरून वर यायची आणि बैलांची मेहनत फुकट. तिला टाके घालणारी माणसं गावोगाव होती आणि गाव त्यांना वेशीबाहेर ठेवायचं. दिल्लीचा बादशहा ज्या टाक्यावर तरला तो टाका घालणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

आपल्या नद्यांवर चामड्यापेक्षा साधी युक्ती होती, भोपळे. वाळवून पोकळ झालेले दोन भोपळे एकमेकांना बांधायचे आणि त्यांच्या आधारानं पोहायचं. याला म्हणायचं सांगड. मोल्सवर्थच्या कोशात सांगडीचे अर्थ बघा, दोन होड्या जोडून केलेला तराफा आणि पोहण्यासाठी बांधलेली भोपळ्यांची जोडी, दोन्ही आहेत. आज आपण 'जुन्या-नव्याची सांगड घालू या' असं भाषणात म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर भोपळे येत नाहीत एवढंच.

अण्णांच्या पिढीला भोपळ्याऐवजी डबा. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून पोरांना कालव्यात नाहीतर विहिरीत ढकलायचे, हे पुण्यात वाढलेल्या साठीपुढच्या कुणालाही विचारा. डब्याचं तोंड आणि कडा झाळून घेतलेल्या असायच्या. डबा गळका निघाला तर पाठीमागे खुळखुळ व्हायची आणि पोराच्या पोटात गोळा. अण्णा सांगत होते, त्यांचे चुलते गळका डबा गरम पाण्यात बुडवायचे. आतली हवा तापून फुगते, जिथे झाळ सुटलीय तिथून बुडबुडे काढते. न फुंकता, न दाबता. शार्लसाहेबांचं नाव चुलत्यांनी ऐकलं असण्याची सुतराम शक्यता नाही.

आता रबराकडे येऊ, कारण आपली होडी तिथूनच येते. १८२३ साली ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशनं पेटंट घेतलं. कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या नॅफ्थ्यात रबर विरघळवायचं आणि दोन कापडांच्या मध्ये त्याचा थर द्यायचा. त्या कापडाचे रेनकोट झाले आणि १८४० च्या दशकात रॉयल नेव्हीतल्या पीटर हॅल्केट नावाच्या लेफ्टनंटनं त्याची होडी केली. म्हणजे कसली, अंगावर घालायचा झगाच होता. फुगवला की होडी, हातातल्या काठीचं वल्हं, छत्रीचं शीड! इंग्रजांच्या विनोदाचा भाग वाटतो, पण माणूस गंभीर होता. बिस्केच्या उपसागरात त्यानं ती चालवून दाखवली. नौदलानं कौतुक केलं आणि घेतली काही नाही. घेतली ती आर्क्टिकमध्ये जाणाऱ्यांनी. जॉन रे हा स्कॉटिश डॉक्टर १८४६ च्या मोहिमेत ती घेऊन गेला. खडकाळ किनाऱ्यावर कित्येक आठवडे मासेमारीची जाळी लावायला वापरली आणि दुरुस्तीची गरज पडली नाही असं लिहून ठेवलं.

मला हॅल्केटची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती वेगळीच. त्याच्या होडीची हवा एका पोटात नव्हती. चार वेगळे कप्पे, प्रत्येकाला आपला व्हॉल्व्ह. एक फुटला तरी बाकीचे तीन. गळती होणारच हे त्यानं आधीच मान्य केलं आणि त्याप्रमाणे होडी बेतली. मुळशीच्या पाण्यात परवा माझा मुलगा डावीकडे कलत कलत काठाला आला तेव्हा उजवीकडे जी हवा शिल्लक होती ती या माणसाच्या हिशेबातली होती. रात्री हे वाचून झाल्यावर मी बराच वेळ दिवा बंद केला नाही.

मॅकिंटॉशचं कापड आपल्या मे महिन्यात टिकलं नसतं. उन्हानं चिकट आणि थंडीनं कडक व्हायचं. १८३९ मध्ये गुडइयरनं रबरात गंधक घालून तापवलं तेव्हा कुठे रबर माणसात आलं. मग १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉपनं पोराच्या तीनचाकीला हवेची धाव बसवली आणि तिथून अण्णांच्या व्यवसायाचा जन्म. पण लगेच नाही हं! डनलॉपची धाव चाकाला सोल्युशननं चिकटवलेली असायची. १८८९ मध्ये फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँ गावात एक सायकलवाला पंक्चर चाक घेऊन मिशेलिन बंधूंच्या कारखान्यात आला. धाव सोडवून पंक्चर काढायला तीन तास आणि पुन्हा चिकटवून वाळायला अख्खी रात्र. सकाळी एदुआर मिशेलिन ती सायकल घेऊन निघाला आणि थोड्या अंतरावर पुन्हा फुस्स. त्याच्या डोक्यात आलं की चाक कसं पळतं हा प्रश्न सुटलाय, प्रश्न दुरुस्तीचा आहे. १८९१ मध्ये सुटी करता येणारी धाव आली आणि त्याच वर्षी तेराँ नावाचा गडी ती लावून पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत जिंकला. पंक्चर त्यालाही झालं, पण ते मिनिटांत निघालं.

रस्त्याच्या कडेला बसून घमेलं, कानस, सोल्युशनची ट्यूब आणि पंप एवढ्या भांडवलावर पोट भरणारी माणसं जगभर या एका सुधारणेमुळे तयार झाली. आमचं घर त्यांच्यातलंच. लूना १९७२ मध्ये आली, मग बाकीच्या दुचाक्या आल्या, तरी हे घमेलं टिकलं. आता ट्यूबलेसमध्ये तेही गेलं. खिळा उपटा, वात खुपसा, चला.

अण्णा या धंद्यात पडले ते पानशेतच्या पुरामुळे. तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. पुण्यात पूर म्हटला की सगळे १२ जुलै १९६१ च्या लोंढ्याबद्दल बोलतात. अण्णा आदल्या रात्रीबद्दल बोलतात. पानशेतचं धरण मातीचं. काम पुरं झालेलं नसताना त्या पावसाळ्यात पाणी साठवलं गेलं. पाणी सोडायच्या मोरीत सळईच्या काँक्रीटऐवजी साधे ठोकळे घातले होते. मोरीवरचा बांध खचायला लागला, वर पाणी चढत होतं. ११ तारखेच्या रात्री लष्कराच्या जवानांनी पोती रचून रचून बांध तोलून धरला. सकाळी तो गेला आणि त्या लोंढ्यानं खाली खडकवासल्याचं १८७९ साली पुरं झालेलं धरणही त्याच दिवशी गेलं. पण पोत्यांमुळे मधले काही तास मिळाले आणि पाणी पेठांत शिरलं ते उजेडी. नारायण पेठेतले लोक पळू शकले. रात्री आलं असतं तर अण्णा आज माझ्या गच्चीवर नसते, आणि मीही नसतो. चुलत्यांच्या दुकानात गाळाखाली सायकली सापडल्या. त्या धुवायला, ट्यूबा सोडवून, वाळवून, शंखजिरं लावून पुन्हा भरायला माणूस हवा होता म्हणून अण्णांची शाळा सुटली. "दोन महिने नुसती पंक्चरं काढली," म्हणाले. "गाळात काचा फार होत्या."

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे शाळा सुटली हे माहीत होतं. का सुटली हे मी कधी विचारलंच नव्हतं. घरची परिस्थिती असेल असं धरून चाललो होतो. पंचावन्न वर्षांचा झाल्यावर, एका होडीवर साबण मारताना कळलं.

असो. दुसरं पंक्चर सापडलं तासाभरानं. डाव्या फुग्याच्या आणि तळाच्या बेचक्यात, जिथे फेस पोचत नव्हता आणि ओठही पोचत नव्हता. अण्णांनी तळाची हवा काढायला लावली, बेचकं उघडं झालं, आणि तिथे मुंगीची अंडी. वाळूचे कण बेचक्यात अडकून दोन्ही कापडं एकमेकांवर घासत होती. तिथेच झिजून सुईच्या टोकाएवढं भोक. अण्णांनी भोवती बॉलपेननं गोल काढला. "भोकावर खूण करायची नाही, भोवती करायची. घासताना खूण पुसते."

मग त्यांनी कपाटातून आपला डबा आणला. दुकान बंद केल्यावर एवढाच त्यांनी ठेवला होता. कानस, रबराचे तुकडे, कात्री. सोल्युशन वाळून दगड झालं होतं म्हणून चिरंजीव माळवाडीच्या चौकातून नवं घेऊन आले. ठिगळ गोल कापलं, कारण कोपरा असला की तो आधी उचकटतो. जागा घासली, सोल्युशन लावलं, फुंकर घातली, बोट लावून बघितलं. ओलं असताना चिकटवणारा तो शिकाऊ, म्हणाले. अगदी बोटाला लागेनासं झाल्यावर दाबलं, आणि चमच्याच्या पाठीनं मधून बाहेर रगडलं. हात थरथरत होते पण ठिगळ सरळ बसलं. मुलगा मोबाईलवर शूटिंग करत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी होडी फुगवली. दहा मिनिटांत ठिगळाची कड उचलली आणि अर्ध्या तासात ते सबंध सोलून हातात आलं. साल निघाल्यासारखं.

अण्णा काहीच बोलले नाहीत. ठिगळ उलटंपालटं करून बघितलं, खिशात ठेवलं आणि खाली निघून गेले. मला फार वाईट वाटलं. कारण चूक त्यांच्या हाताची नव्हतीच. ही होडी रबराची नाही, पीव्हीसीची आहे. पीव्हीसी मुळात कडक, आपल्या बाथरूमच्या पाइपासारखं. १९२६ साली अमेरिकेत वाल्डो सीमन यानं ते तेलकट रसायनात मुरवून मऊ करायची युक्ती शोधली, तेव्हापासून त्याचं कापड होऊ लागलं. पण ते मुरवलेलं तेल हळूहळू पाझरत राहातं आणि रबराच्या सोल्युशनला पकड धरू देत नाही. वर उन्हाची गरमी. मॅकिंटॉशपासून अण्णांपर्यंत जी विद्या चालत आली ती या कापडापाशी येऊन थांबते. होडीच्या पिशवीत भाच्यानं ठेवलेलं किट होतं, त्यात पीव्हीसीचा वेगळा गोंद आणि त्याच कापडाचे तुकडे. हे मी आधीच बघायला हवं होतं. खरं सांगायचं तर बघितलं होतं. पण अण्णा डबा घेऊन वर आले तेव्हा मला ते सांगवेना.

संध्याकाळी किटची चिठ्ठी घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. मोठ्यानं वाचून दाखवली. जागा स्पिरिटसारख्या द्रवानं पुसून तेलकटपणा काढा. बारीक पॉलिश पेपरनं घासा. ठिगळ भोकापेक्षा सगळीकडून दोन इंच मोठं, कोपरे गोल. गोंदाचा पातळ हात, वाळू द्या, दुसरा हात, बोटाला जेमतेम चिकटेल तेव्हा दाबा, मधून बाहेर रगडा. चोवीस तास हवा भरू नका. अण्णा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मग वेगळं काय आहे? पुसायचंच तेवढं नवीन आहे." आणि थोड्या वेळानं, "चोवीस तास मात्र गिऱ्हाईक थांबलं नसतं."

या वेळी घासलं त्यांनी, पुसलं आणि गोंद लावला मुलानं, कारण त्याचे हात स्थिर. रगडलं पुन्हा अण्णांनी. वेळ मी बघत होतो. चोवीस म्हणता अण्णांनी छत्तीस तास कुणाला हात लावू दिला नाही.

काल पहाटे साडेपाचला होडी फुगवली, ऊन यायच्या आत, म्हणजे शार्लसाहेबांची लुडबुड नको. तीन पीएसआय. आज पहाटे साडेपाचला गच्चीवर गेलो तर अण्णा आधीच तिथे. काट्यावरचे आकडे त्यांना दिसत नाहीत. म्हणून अंगठ्यानं दाबून बघत होते, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

"किती?"

"तीनला किंचित कमी," मी कानाशी जाऊन म्हटलं.

"पंपाची नळी काढताना गेली असेल तेवढी." त्यांनी ठिगळावरून एकदा ओठ फिरवला, मग बेचक्यातून बोट फिरवून वाळू आहे का बघितलं. जरा वेळ होडीच्या काठावर बसून राहिले. मुळशीचं पाणी आता किती उतरलं असेल असं विचारलं. मग म्हणाले, "यात दोन माणसं बसतात म्हणालास ना?"